लॅपटॉप घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कधी? कॉलेजच्या पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एक लॅपटॉप आला. सेकंड इयर सिव्हिलचा मुलगा, हिंज (स्क्रीनची बिजागरी) तुटलेला, आणि वॉरंटी संपून तीन आठवडे झालेले. डेटा काढून द्यायचा म्हणून ड्राइव्ह उघडली, तर वर्षभरात कॉलेजची म्हणून त्यात एकच फाईल होती: हॉस्टेल फीची पावती. बाकी सगळं पिक्चर आणि क्रिकेटचा गेम. ऑटोकॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, टाकायचं होतं ते याच सेमिस्टरला, आणि नेमका आता लॅपटॉप माझ्याकडं.

सांगलीत विश्रामबागला माझं दुरुस्तीचं लहान दुकान आहे. लॅपटॉप मी विकत नाही. तरी अॅडमिशन झाल्या की रोज एखादे वडील येतातच: "जास्त काय नको, पण भारीतला सांगा. परत परत घ्यायला लागू नये." कुठला घ्यायचा हा यातला सहावा प्रश्न आहे. आधीचे पाच सोडून थेट सहाव्यावर उडी मारली की वरच्यासारखं होतं. म्हणून क्रम सांगतो. तो मोडू नका.

टप्पा १: आधी कागद गोळा करा

दुकान नाही, मोबाइलवरचा सेल नाही. पहिल्या आठवड्यात फक्त चार गोष्टी मिळवायच्या.

१. पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो कुठं मिळेल हे कॉलेजवर अवलंबून. वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी ही स्वायत्त कॉलेजं, त्यांचा अभ्यासक्रम त्यांच्याच साईटवर. साध्या पदवी कॉलेजांपैकी बहुतेक शिवाजी विद्यापीठाची. काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या विद्यापीठाला जोडलेली. डिप्लोमावाल्यांनी तंत्रशिक्षण मंडळाची के स्कीम, म्हणजे मंडळाचा अभ्यासक्रम, बघायची. दुसऱ्या कॉलेजातल्या भावाचा अभ्यासक्रम चालत नाही, शाखा तीच असली तरी.

२. प्रॅक्टिकलची यादी. विषयांच्या नावावरून काही कळत नाही. कुठलं सॉफ्टवेअर, कितव्या प्रॅक्टिकलला, हे यादीत असतं.

३. कॉम्प्युटर लॅबची वेळ. कागदावरची नको, खरी. लेक्चर संपल्यावर लॅब उघडी असते का, शनिवारी असते का, किल्ली कुणाकडं असते, हे लॅब असिस्टंटलाच विचारा. प्राचार्यांना माहीत असेलच असं नाही.

४. त्याच कॉलेजातला, त्याच शाखेचा, थर्ड इयरचा एक सिनियर. त्याला एकच प्रश्न: "स्वतःच्या लॅपटॉपवाचून तुझं काम पहिल्यांदा कधी अडलं, आणि कशासाठी?" कुठला घेऊ असं विचारू नका. तो स्वतःचंच मॉडेल सांगणार.

*तपासा:* "कॉलेजनं लॅपटॉप कंपल्सरी केलाय" असं मुलगा म्हणत असेल तर ती नोटीस बघायला मागा. खरोखर असेल तर तिच्यात रॅम (चालू कामाची मेमरी), प्रोसेसर (मशीनचा मेंदू) वगैरे लिहिलेलं असतं आणि तुमचं निम्मं काम तिथंच होतं. बऱ्याचदा मात्र ती नोटीस म्हणजे वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली एक ओळ असते.

टप्पा २: कामं तीन रकान्यांत लिहा

वहीचं एक पान आडवं धरा. तीन रकाने: फोनवर होतं, लॅबमध्ये होतं, स्वतःचं मशीन लागतं. प्रॅक्टिकलची यादी समोर ठेवून एकेक काम योग्य रकान्यात टाका. मुलालाच टाकू दे, तुम्ही फक्त "का?" विचारा.

माझ्याकडं येणाऱ्या पोरांवरून बहुतेकांची पानं अशी भरतात:

बीए, बीकॉमचं पहिलं वर्ष, फार्मसी, नर्सिंग, बीएएमएस यांचा तिसरा रकाना जवळजवळ रिकामा. नोट्स पीडीएफमध्ये येतात, त्या फोनवर वाचता येतात, आणि जर्नल अजून हातानंच लिहून घेतात. मिरजेला मेडिकलला लागलेल्या पोराला पहिल्या वर्षी लॅपटॉपच्या आधी हाडांचा सेट लागतो.

बीकॉमला टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, आली की प्रश्न येतो. टॅली विंडोजवरच चालते, फोनवर सराव होत नाही. पण लॅबमध्ये तास मिळत असतील तर तेवढ्यासाठी पन्नास हजार घालू नका. घरी भावाचा जुना कॉम्प्युटर असेल तर टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट चालतो. त्यात फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. हे ठाऊक नसलेली पोरं "सॉफ्टवेअर खराब आहे" म्हणून माझ्याकडं येतात. सरावाला तीन तारखा पुरतात.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना बरंचसं सारखं. त्यात लॅपटॉप लागेल असं वाटणारा विषय म्हणजे प्रोग्रॅमिंग. सी भाषेचे पंधरा-वीस ओळींचे प्रोग्रॅम फोनच्या ब्राउझरमधल्या ऑनलाइन कंपायलरवर चालतात. त्रास होतो, बोटं दुखतात, पण चालतात.

दुसऱ्या वर्षापासून वाटा फुटतात. कॉम्प्युटर, आयटी, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर यांचा तिसरा रकाना एकदम भरतो, कारण कोडिंग रोज हाताखालून जायला लागतं आणि लॅबचे दोन तास पुरत नाहीत. मेकॅनिकल आणि सिव्हिलला ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर येतं, पण खरा भार सहसा तिसऱ्या वर्षाच्या अॅनालिसिसपासून प्रोजेक्टपर्यंत. आर्किटेक्चरवाल्यांना सगळ्यात लवकर आणि सगळ्यात महागडं मशीन लागतं, त्यात सुटका नाही. बीएस्सी अॅग्रीला शेवटच्या वर्षी गावात राहून करायच्या कार्यानुभवाचा अहवाल असतो. तो टायपिंगचा भाग आहे, त्यासाठी साधं मशीन चालतं.

*सावध:* "ऑनलाइन लेक्चर बघायला", "प्रोजेक्टसाठी", "पुढं उपयोगी पडेल" ही कामं नव्हेत. ज्या ओळीत सॉफ्टवेअरचं किंवा सबमिशनचं नाव नाही ती ओळ खोडा.

टप्पा ३: चौदा दिवसांची वही

हा टप्पा सगळे गाळतात, आणि निकाल याच्यावरच लागतो.

कॉलेज सुरळीत चालू झाल्यावर सलग चौदा दिवस मुलानं रोज रात्री दोन-तीन ओळी लिहायच्या. कॉम्प्युटरचं काय काम निघालं, ते कशावर केलं, कुठं अडलं. "अडलं" हा शब्द फक्त तेव्हाच, जेव्हा फोनवर जमलं नाही *आणि* लॅब मिळाली नाही. फोनवर कंटाळा आला, हे अडणं नव्हे.

तासगावजवळच्या एका गावातली मुलगी रोज एसटीनं सांगलीला अप-डाऊन करायची. बीएस्सी कॉम्प्युटर, दुसरं वर्ष. तिची वही मी स्वतः बघितली, वडीलच घेऊन आले होते. चौदा दिवसांत नऊ वेळा "अडलं", आणि नऊच्या नऊ वेळा कारण एकच: "लॅब ४ नंतर मोकळी. गाडी ४.२०." त्या एका ओळीनं मला तिच्या मार्कलिस्टपेक्षा जास्त सांगितलं. हॉस्टेलवरच्या पोराला रात्री रूममेटचं मशीन मिळतं, लॅब उशिरापर्यंत असली तर तिथं बसता येतं. गावाहून येणाऱ्याला दोन्ही नाही. लोक उलटं समजतात: पोरगं बाहेर राहतंय म्हणजे लॅपटॉप हवाच, घरून जातंय म्हणजे नको.

माझा हिशोब असा. आठवड्याला तीन किंवा जास्त वेळा खरंच अडत असेल तर घ्या. दोन आठवड्यांत एक-दोनदाच अडलं तर पुढच्या सेमिस्टरला वही परत लिहा. आणि वही चार दिवसांनी बंद पडली तर त्याचा अर्थही लक्षात घ्या. ज्याचं काम खरंच अडतं तो लिहितो.

टप्पा ४: मधला मार्ग चालतो का बघा

अडतंय, पण थोडंच. अशा वेळी:

फोनला कीबोर्ड जोडा. साधा यूएसबी कीबोर्ड आणि तो फोनला जोडायची ओटीजीची पिन, सगळं मिळून हजाराच्या आत. अहवाल टाईप करणं एवढंच काम असेल तर ते यात भागतं. मराठीसाठी गुगल डॉक्समध्ये बोलून टाईप करता येतं. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर हातानं नीट करावी लागतात, तरी निम्मा वेळ वाचतो.

घरी राहणाऱ्याला जुना डेस्कटॉप. मला स्वतःला हा पर्याय सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात. तेवढ्याच पैशात ताकद जास्त, बिघडलं तर एकच भाग बदलायचा, आणि मांडीवर घेऊन झोपता येत नाही हा आणखी एक फायदा. गावाकडं लाईट जात असेल तर यूपीएसचे पैसे त्यातच धरा.

*सावध:* रूममेटचा लॅपटॉप उसना वापरायचा तर पेन ड्राइव्हवर काम ठेवू नका. माझ्याकडं येणाऱ्या व्हायरसचा निम्मा प्रवास झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हनं झालेला असतो. फाईल गुगल ड्राइव्हवर ठेवा, आणि दुसऱ्याच्या मशीनवर लॉगिन केलं तर उठताना लॉगआउट करा.

टप्पा ५: तारीख ठरवा, मग पैसे मोजा

इथपर्यंत उत्तर "घ्यायचा" असं आलं असेल, तरी "आत्ता" असं आलेलं नाही.

बहुतेक लॅपटॉपना एक वर्षाची वॉरंटी असते. पहिल्या वर्षाच्या दसऱ्याला घेतला आणि काम तिसऱ्या वर्षी आलं, तर वॉरंटी पिक्चर बघण्यात गेली. बॅटरी तर नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. म्हणून टप्पा २ मधलं पान काढा, तिसऱ्या रकान्यातलं पहिलं काम कुठल्या सेमिस्टरला आहे ते बघा, आणि त्याच्या एक महिना आधीची तारीख लिहा. ती तुमची खरेदीची तारीख. मधल्या काळात पैसे बँकेत राहू देत.

शेतकरी घरात पैसा महिन्याला येत नाही. उसाचं बिल येतं तेव्हा येतं, द्राक्षाचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडाशी. हातात पैसे आले म्हणून सहा महिने आधी घेणं हे चुकीचं, पण समजण्यासारखं. असं होत असेल तर ती रक्कम मुदत ठेवीत अडकवा, म्हणजे लग्नकार्यात जात नाही.

हिशोब मात्र किमतीवर थांबवू नका. बॅग, माऊस, इंटरनेट, बाहेरची हार्ड डिस्क, हे धरून मूळ किमतीवर पाच-सहा हजार चढतात.

"नो कॉस्ट ईएमआय"बद्दल थोडं. ४८,००० चा लॅपटॉप, १२ हप्ते, महिन्याला ४,०००. जादा काही नाही असं वाटतं. प्रत्यक्षात क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावते आणि विकणारा तेवढी सूट आधी देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी. व्याजदर १५ टक्के धरला तर तो साधारण ६६० रुपये होतो, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम मोठी नाही, पण रोखीनं घेणाऱ्याला दुकानदार किती कमी करतो हे विचारल्याशिवाय हप्ते बांधू नका.

टप्पा ६: आता "कुठला?"

पानावर सॉफ्टवेअरची नावं आहेतच. दुकानात ती यादी घेऊन जा, बजेटचा आकडा नंतर सांगा.

टायपिंग, पीपीटी, टॅली: ८ जीबी रॅम, २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडी (फाईल साठवायची वेगवान जागा). याच्या वर जाण्याची गरज नाही.

कोडिंग: १६ जीबी रॅम. मोबाइल अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) ८ जीबीत रडवतात.

थ्रीडी ड्रॉइंग, अॅनालिसिस, आर्किटेक्चर: विंडोज, १६ जीबी, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट मॅकवर थेट चालत नाहीत, हे मॅकबुक घेऊन झाल्यावर कळलेली दोन पोरं मला माहीत आहेत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप बॅटरीला चांगले, पण यादीतलं प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर चालतं का हे आधी बघायला लागतं. क्रोमबुक या कामांसाठी नकोच.

दुकानात तीन प्रश्न विचारा. रॅम वाढवायला स्लॉट आहे की बोर्डावरच चिकटवलेली आहे? स्टोरेज एसएसडी आहे की ईएमएमसी? (ईएमएमसी म्हणजे एसएसडीपेक्षा हळू, स्वस्त स्टोरेज. स्वस्तातल्या काही मशीनवर ते ६४ जीबीच असतं. विंडोजच्या दोन-तीन अपडेटमध्ये ते भरतं.) सर्व्हिस सेंटर सांगली-साताऱ्यात आहे की कोल्हापूर-पुण्याला पाठवायला लागतं? तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार जरा घुटमळतो. तिथंच थांबून उत्तर घ्या.

*सावध:* "सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो" याला भुलू नका. क्रॅक केलेलं ऑटोकॅड माझ्याकडं व्हायरस होऊन परत येतं. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट लायसन देते, कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो आणि दरवर्षी ते नव्यानं घ्यावं लागतं. वर्ड-एक्सेलऐवजी लिबरऑफिस फुकट आहे.

टप्पा ७: जुना घेत असाल तर

कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप दणकट असतात, आणि टायपिंग-कोडिंगला मी ते बिनधास्त सुचवतो. फक्त दुकानातच, पैसे द्यायच्या आधी, हे याच क्रमानं करा.

१. प्रोसेसरची पिढी बघा. विकणारा "आय-फाइव्ह आहे" म्हणतो, पण आय-फाइव्ह दहा वर्षांपूर्वीचाही असतो. पुढचा आकडा वाचा: ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८३५० म्हणजे आठवी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीवर जुगाड करून ११ टाकून देतात. ते घेऊ नका.

२. बॅटरीचा रिपोर्ट काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाईप करून एंटर मारा. फाईल कुठं सेव्ह झाली ते तिथंच दिसतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्के उरली. ७० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापायला सांगा. एवढं केलं की दुकानदाराची बोलण्याची पद्धत बदलते.

३. नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबा. प्रत्येक. स्पेसबारच्या दोन्ही कडा, शिफ्टच्या दोन्ही बाजू.

४. चार्जर काढून वीस मिनिटं यूट्यूब चालवा. तोवर चहा घ्या.

५. बंद करून चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. पासवर्ड मागितला तर मशीन तिथंच ठेवून या. जुन्या कंपनीचं कुलूप असू शकतं, ते माझ्यासारख्याकडून निघेलच असं नाही.

टप्पा ८: पहिले पंधरा दिवस

बिलावर सीरियल नंबर आहे का, आणि तो मशीनखालच्या नंबराशी जुळतो का बघा. मग तोच नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरलीय ते तपासा. नवीन म्हणून दिलेल्या मशीनची वॉरंटी दोन महिने आधीच सुरू झालेली मी पाहिलीय. पहिल्या आठवड्यात मशीन भरपूर वापरा. जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडलेलं बरं.

कामाची दुसरी प्रत पहिल्या दिवसापासून गुगल ड्राइव्हवर जाऊ द्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर भिजलेली मशीनं ओळीनं आली होती. काही चालू झाली, पण बऱ्याच जणांचा प्रोजेक्ट गेला तो गेलाच.

आणि शेवटचं, जे हल्ली मला सगळ्यात जास्त हात टेकायला लावतं. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर लॅपटॉपमधली ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होते. पोरं घाईत कुठलातरी ईमेल बनवतात, पासवर्ड विसरतात. सहा महिन्यांनी एखादं अपडेट होतं, किंवा मी बोर्ड बदलतो, आणि निळ्या स्क्रीनवर मशीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती त्या विसरलेल्या अकाउंटमध्ये असते. ती नसेल तर डेटा मीही काढू शकत नाही, कुणीच काढू शकत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी रोज वापरातल्या ईमेलनं अकाउंट बनवा, त्यात जाऊन ते ४८ आकडे बघा आणि कागदावर उतरवा. मुलगा वाचेल, तुम्ही लिहा, मग तुम्ही वाचा आणि त्यानं जुळवावं. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, बॅग गेली तर दोन्ही जातात. घरी कपाटात, सातबारा ठेवता तिथं ठेवा.